लाईट बिल हातात घ्या: सोलापुरातल्या घराचं कार्बन फूटप्रिंट, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही गच्चीला चुना मारला, मग पंखे बदलले, मग पॅनेल बसवली. तेव्हापासून भिशीत, जिन्यात, मंडईत कुणी ना कुणी थांबवून विचारतं, "ओ ताई, खरंच फरक पडतो का ओ?" तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. आकडे ढोबळ आहेत, पण कागद-पेन घेऊन तुम्हाला घरी पडताळून बघता येतील असे.

कार्बन फूटप्रिंट म्हणजे नेमकं काय? माझ्या घराचं किती असेल?

आपलं घर चालावं म्हणून वर्षभरात जेवढं इंधन जळतं, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा (आणि मिथेनसारख्या इतर वायूंचा) हिशेब. गॅस आणि पेट्रोल आपल्या डोळ्यांसमोर जळतं. विजेसाठीचं इंधन दुसरीकडे कुठेतरी जळतं. आपल्या फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे, कोळशावर चालणारं. तिथली वीज थेट आपल्याच बोर्डात येते असं नाही, सगळी ग्रीडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्यात मिसळते. पण देशाच्या ग्रीडमधली बहुतांश वीज कोळशाचीच आहे, त्यामुळे एक युनिट वापरलं की साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा.

बाकीचे दोन आकडे: पेट्रोल लिटरला २.३ किलो. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपला की सुमारे ४२ किलो.

आता बेरीज. महिन्याला १५० युनिट वीज म्हणजे वर्षाला १,८०० युनिट, म्हणजे १,२६० किलो. वर्षाला आठ सिलिंडर, ३४० किलो. स्कूटरला महिन्याला १५ लिटर पेट्रोल, वर्षाचे ४१४ किलो. मिळून दोन टन. अन्न, कपडे, घराचं सिमेंट यात धरलेलं नाही. पण या तीन ओळींतच दिसतं की आपल्याकडे सगळ्यात मोठा वाटा विजेचा, आणि बारा महिन्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवलीत तर त्यातलाही मोठा डोंगर मार्च ते जून या चार महिन्यांचा.

आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या. पुरेसं आहे का?

पिशव्या बंद केल्यात ते चांगलंच, गटारी तुंबायच्या थांबतील. पण कार्बनच्या हिशेबात तो फार लहान आकडा आहे. दीड टनी एसी तासभर चालला की पिशव्यांच्या अख्ख्या गठ्ठ्याएवढा कार्बन जातो. कापडी पिशवी खांद्याला लावून घरी यायचं आणि एसी अठरावर टाकायचा, हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते.

मग सुरुवात कुठून करायची?

डोक्यावरच्या स्लॅबपासून. सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच घरात सोडतो. बाहेर वारं सुटलेलं असतं आणि आत पंखा गरम हवा घुसळत असतो, रात्री एक-दोनपर्यंत. लोकांना एसी घ्यावासा वाटतो तो या तासांत.

जुन्या सोलापुरात आणि आसपासच्या गावांत धाब्याची घरं होती. जाड मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी आत गेलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. आता ती बांधायला कुणी जाणार नाही आणि पावसाळ्यात ती गळायचीही, हे विसरून चालणार नाही. पण त्यातली एक गोष्ट उचलता येते: वरचा भाग पांढरा ठेवणं.

आम्ही काय केलं ते सांगते. गड्ड्याची जत्रा उठली की फेब्रुवारीत गच्ची झाडून, घासून घ्यायची. विझवलेला चुना, थोडं पांढरं सिमेंट, चिकटण्यासाठी फेविकॉल, असं दाट कालवून कुंच्याने दोन हात मारायचे, एक आडवा, एक उभा. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालाच. चुना उडाला तर डोळ्याचं वाटोळं होतं. पहिल्या वर्षी मे महिन्यात दुपारी तीनला मी मुद्दाम अनवाणी गच्चीवर गेले. चुना मारलेल्या भागावर उभी राहू शकले. टाकीमागे एक पट्टा राहून गेला होता, त्यावर पाय ठेवला आणि उडीच मारली.

पावसात चुना उतरतो, दरवर्षी परत मारावा लागतो. बाजारात गच्चीसाठी ऊन परतवणारे तयार रंगही मिळतात. महाग आहेत, पण काही वर्षं टिकतात.

आमच्या घराला पत्रे आहेत. आम्ही काय करायचं?

पूर्व भागात, विडी घरकुलात हा प्रश्न हमखास येतो. पत्रा स्लॅबपेक्षा लवकर तापतो, पण लवकर निवतोही. वरून पांढरा रंग द्या आणि आतून पत्र्यापासून वीतभर अंतर सोडून सीलिंग करा. ते अडकलेलं हवेचं अंतरच खरं काम करतं. कुणी कुणी पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकतात. गारवा मिळतो, पण वर वायर गेलेली असेल तर एका ठिणगीचा खेळ आहे. आमच्या ओळखीत एकाच्या पत्र्यावर धूर निघालेला बघितलाय. नका करू.

कूलर चांगला की एसी?

एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत असते, आणि कूलर कोरड्या हवेतच कमाल करतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर अंग चिकट करून सोडतो. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

हिशेब असा. दीड टनी एसी तासाला साधारण एक-सव्वा युनिट खातो. रोज आठ तास, नव्वद रात्री, म्हणजे साडेआठशे युनिटच्या आसपास, सहाशे किलो कार्बन. कूलर दोनशे वॉटचा धरला तर तेवढ्याच रात्रींना १४४ युनिट, शंभर किलो.

कूलरची खोट पाण्याची. तासाला पाच-सात लिटर सहज पितो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रात्रीत चाळीस-पन्नास लिटर पाणी हवेत सोडायचं, हे मलाही खटकतं. आम्ही डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालून बघितलं होतं, तिसऱ्या दिवशी घरात आंबट वास. ते पाणी कुंड्यांनाच बरं. उपाय एकच सापडला: गच्चीचा चुना झाल्यावर कूलर रात्री बारानंतर बंद करता येतो. खिडकी उघडी ठेवून कूलर लावा, बंद खोलीत तो निकामी होतो. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर घ्या, वास फुकट.

एसी घेतलेलाच आहे. आता?

२४-२६ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, आपल्याकडची धूळ माहीत आहेच. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: जुना एसी भंगारात देताना किंवा जागा बदलताना आतला गॅस हवेत सोडू देऊ नका. जुन्या एसीत असलेला आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ अठराशे पट उष्णता धरतो. किलोभर गॅस सुटला की वर्षभराच्या विजेच्या बचतीवर पाणी. मेकॅनिकला सांगा, गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून बंद कर आणि मगच पाइप सोड. त्याला येतं ते. घाई असते म्हणून करत नाही.

कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक कशाने पडेल?

पंख्याने. साधा पंखा ७५ वॉट, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) ३० वॉटच्या आसपास. हॉलमधला पंखा दिवसाला पंधरा तास, वर्षाचे तीनशे दिवस चालतो असं धरा: एका पंख्यामागे दोनशे युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी. पाहुण्यांच्या खोलीतला तसाच राहू द्या.

सोलर पॅनेल बसवायची का?

स्वतःची गच्ची असेल आणि बिल शंभर युनिटच्या वर जात असेल तर हो. सोलापूरला ऊन कधी कमी पडलंय? एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर रोज चार युनिट मिळतात. म्हणजे वर्षाला टनभर कार्बन. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे; अर्ज करण्याआधी पोर्टलवर त्या दिवसाचे नियम वाचून घ्या.

लोकांना आश्चर्य वाटतं ते असं: मे महिन्यात पॅनेल सगळ्यात जास्त वीज देत नाहीत. पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. तापलं की प्रत्येक अंशामागे ०.४ टक्क्याच्या आसपास उत्पादन घटतं, आणि आपल्या गच्चीवर पॅनेल साठ अंशांच्या वर तापतात. आणखी एक: लाईट गेली की साधी ग्रीडला जोडलेली यंत्रणाही बंद पडते, भर दुपारी सुद्धा. महावितरणचा माणूस खांबावर काम करत असताना आपल्या गच्चीवरची वीज त्याच्या तारेत जाऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च.

आमची चूक सांगते. बसवणाऱ्याने सकाळी अकराला येऊन जागा बघितली, टेप लावली, गेला. डिसेंबरात कळलं की दुपारी तीननंतर शेजाऱ्यांच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर पडते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात. स्टँड सरकवायला पुन्हा पैसे मोजले. तुम्ही जागा ठरवण्याआधी गच्चीवर सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार अशा तीन फेऱ्या मारा, आणि जमलं तर डिसेंबरात. आठवड्याला एकदा पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, सकाळी, पॅनेल थंड असताना.

फ्लॅट आहे, गच्ची सगळ्यांची. किंवा भाड्याने राहतो.

सोसायटीची लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याची मोटार यांच्या मीटरवर सोलर घेता येतं, त्यालाही या योजनेत किलोवॉटला १८,००० रुपये आहेत. मीटिंगमध्ये विषय काढा. पहिल्या मीटिंगला चहा संपेपर्यंत वाद होईल, तिसऱ्या मीटिंगला होकार येईल. भाडेकरूंनी पंखे घ्यावेत. जाताना काढून नेता येतात.

आंघोळीच्या पाण्यासाठी गीझर, सोलर हीटर की बंब?

माणशी बादलीभर पाणी कोमट करायला गीझरला जवळपास अर्धा युनिट लागतं. चौघांचं घर, थंडीचे चार महिने, म्हणजे अडीचशे युनिट. सोलर हीटरने ते वाचतात, पण बोअरचं पाणी असेल तर क्षाराने नळ्या भरतात, दोन वर्षांनी साफसफाई धरूनच चाला. बंबात नारळाच्या करवंट्या आणि चिपाड जाळणारे अजून आहेत. कार्बनच्या दृष्टीने ते गीझरपेक्षा बरं, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दृष्टीने नाही. मार्च ते जून हा प्रश्नच येत नाही. दुपारी टाकीच्या नळाला हात लावून बघा.

गॅस सोडून इंडक्शन घेतलं तर कार्बन कमी होईल ना?

नाही, आज तरी नाही. ऐकून सगळे चकित होतात, म्हणून हिशेब देते. एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १३० युनिट लागतात. कोळशाच्या ग्रीडवर ते ९० किलो होतात, सिलिंडरचे ४२. दुप्पट. गच्चीवर सोलर असेल आणि स्वयंपाक दिवसा होत असेल तर चित्र उलटं, मग डाळ-भात-चहा खुशाल इंडक्शनवर करा. भाकरी मात्र तव्यावरून काढून जाळावर फुगवायची, ती गॅसवरच. आमच्या सासूबाईंनी इंडक्शनवर एक भाकरी करून बघितली आणि पुढचे दोन दिवस त्यावर काही बोलल्या नाहीत.

गॅस वाचवायचा तर कुकर, झाकण, आणि डाळ आधी भिजत घालणं. शिट्टी झाली की आच मंद करा. पाणी उकळायला लागल्यावर जाळ वाढवून ते जास्त तापत नाही, नुसती वाफ जाते.

म्हणजे चूल सगळ्यात चांगली?

लाकूड परत उगवतं हे खरं, पण चुलीच्या काजळीने हवा तापते ती वेगळी आणि बाईच्या छातीत धूर जातो तो वेगळा. हुरड्याच्या दिवशी शेतात पेटवा, रोज घरात नको.

पाण्याचा आणि कार्बनचा काय संबंध?

उजनीचं पाणी शंभर किलोमीटरच्या वर पाइपातून पंपाने ढकलत सोलापूरला येतं. ते आपोआप वाहत येत नाही. त्यानंतर आपण ते मोटारीने टाकीत चढवतो. टाकी भरून गच्चीवरून धो-धो वाहते तेव्हा वीजही वाहत असते. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच लावा. टँकर त्याहून महाग. दहा हजार लिटरचा टँकर येऊन-जाऊन तीस किलोमीटर चालला तर सहा-सात लिटर डिझेल, म्हणजे सोळा-सतरा किलो कार्बन.

जेवणात काय बदलायचं?

सोलापूरकरांना इथे फारसं काही सोडायचं नाही, उलट सोडलेलं परत आणायचं. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती पिकते. भाताच्या खाचरात साठलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, ज्वारीच्या रानात तसं काही नाही. कणसं खुडल्यावर कडबा जनावराला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि आपण मात्र दोन्ही वेळेला भात-चपातीवर आलो.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी तर बघाच. महिनाभर डब्यात राहते, फ्रीज नको, गरम करणं नको. पुण्या-मुंबईचे पाहुणे जाताना मागून नेतात.

मटण: बोकड-मेंढी रवंथ करणारी जनावरं, त्यांच्या पोटातून मिथेन निघतो, किलोमागे कोंबडीपेक्षा भार बराच जास्त. रविवारचं मटण बंद करा असं मी सांगितलं तर घरात मलाच कुणी जेवायला वाढणार नाही. आम्ही महिन्यातले दोन रविवार चिकनवर आणले.

टाकून दिलेलं अन्न मात्र सगळ्यात वाईट. पिकवताना, शिजवताना आणि कुजताना असा तिहेरी कार्बन.

ओला कचरा घंटागाडीत दिला तर चालत नाही का?

वेगळा दिलात तर चालतो. पण डेपोत ढिगाखाली दबून, हवा न लागता कुजला की मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट. घरी भोकं पाडलेल्या बादलीत हवा लागत कुजला तर मिथेन जवळपास होत नाही. भाजीची देठं, त्यावर दुप्पट वाळका पाला (कडुनिंबाचा भरपूर मिळतो), थोडं आंबट ताक. पुस्तकांत लिहितात, पाणी जास्त होऊ देऊ नका. आपल्याकडे उलटं. एप्रिलमध्ये बादली पापडासारखी वाळते, रोज ओंजळभर पाणी शिंपडावं लागतं.

इलेक्ट्रिक स्कूटरची वीजही कोळशाचीच ना?

हो, तरीही ती पुढे. पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला पन्नास ग्रॅमच्या जवळ, इलेक्ट्रिक वीस-पंचवीस. पण चालणारी जुनी गाडी मोडीत काढून नवी घ्यायची घाई नको, नवी बनवतानाही कार्बन जातो. जुळे सोलापुरातून नव्या पेठेत जाणाऱ्याला सायकल कशी वाटते विचारा. रस्ता सपाट आहे, अडचण फक्त उन्हाची. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तरी काढा.

पुण्याला कार की रेल्वे?

रेल्वे. कारने अडीचशे किलोमीटरला पंधरा-सोळा लिटर पेट्रोल, एका फेरीत ३६ किलो. चौघे बसलात तर माणशी नऊ, एकटे गेलात तर सगळे तुमचेच. रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण झालंय, माणशी वाटा त्याच्या कितीतरी खाली येतो. हुतात्मा एक्स्प्रेस आहे, २०२३ पासून वंदे भारत आहे. तिकीट आधी काढा एवढंच.

कपड्यांचं काय?

कमी घ्या, जास्त वापरा. आमच्याकडे लग्नातली चादर आहे, जकार्डच्या मोरांची. पंचवीस वर्षं पांघरली, मग वाकळेत गेली, आता तिचा शेवटचा तुकडा गॅसच्या ओट्याला पुसतो. मोराची मान अजून दिसते.

वर्षाला पाच झाडं लावली तर फूटप्रिंट भरून निघेल?

चांगलं वाढलेलं मोठं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं ढोबळ मानतात. दोन टनांच्या घराला शंभर मोठी झाडं लागतील, आणि रोपाचं झाड व्हायला दहा-पंधरा वर्षं. तरी लावा, पण घराच्या पश्चिमेला. कडुनिंब किंवा करंज. दुपारचं ऊन भिंतीवर पडायचं थांबलं की ते झाड शोषतं त्याहून जास्त वीज वाचवतं.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

दुधाचा खाडा ज्या कॅलेंडरवर लिहिता, त्याच्यावरच दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचं रीडिंग आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहा. दोन रीडिंगमधला फरक म्हणजे महिन्याची युनिटं. आमच्या कॅलेंडरवर मागच्या मे महिन्याच्या चौकटीत २१२ युनिट आहे, चुना मारायच्या आधीच्या मे महिन्यात ३४० होतं. त्याच्या खाली ह्यांनी लाल पेनाने लिहिलंय: "पाहुणे आठ दिवस होते, तरी."